पैलवानाचं पोट आणि सहावी कोय

त्या आठवड्याची वही अजून माझ्याकडे आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. डाव्या पानावर घरातली कामं आणि उजव्या पानावर कुत्रा. कुत्र्याच्या पानाला पाच रकाने: वार, वेळ, काय दिलं, किती, शेरा. सगळे पट्टीनं आखलेले. याद्या केल्याशिवाय मला चालत नाही आणि त्यावरून मी घरात-बाहेर बरंच ऐकून घेतलं आहे. पण त्या आठवड्यात एका कुत्र्याचं पोट फाडायची वेळ माझ्याच यादीमुळे आली होती, आणि टळली ती दुसऱ्यांमुळे. त्यांचे आभार तेव्हा घाईत मानले होते. आता सवडीनं लिहिते.

मी शाहूपुरीतल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये नव्वदच्या दशकात नोकरीला लागले. नंबर लावणं, रजिस्टर भरणं, रिपोर्ट पाकिटात घालणं, आणि दिवसातून चाळीस वेळा "पाणी पिऊन बसा, लघवीला जाऊ नका" सांगणं, ही माझी कामं. सेंटर एका डॉक्टरबाईंचं. त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. मॅडम कमी बोलायच्या आणि पडद्याकडे बघत बोलायच्या, त्यामुळे नव्या पेशंटला वाटायचं की या यंत्राशीच बोलतात.

घर उचगावात. आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही. गल्लीतली बाकीची घरं शेती-दूधवाल्या मराठ्यांची. बुधवार, शुक्रवार आणि रविवार या तीन दिवशी संध्याकाळी गल्लीभर मटणाचा वास, आणि मधे आमचं एक घर ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं. कुणाला कधी त्रास झाला नाही. आषाढात देवीची यात्रा, म्हणजे घरोघरी मटणाचं जेवण, असली की त्यांच्याकडून आमच्याकडे फक्त नारळ-गूळ यायचा, तोही धुतलेल्या ताटलीतून.

कुत्रा आणला सासूबाईंनी. त्यांचं माहेर निपाणीच्या पलीकडचं. तिथून येताना एकदा त्या पिशवीतून पांढरं पॉमेरियनचं पिल्लू घेऊन आल्या. पिशवीत वरती कोथिंबीर, खाली पिल्लू. सासूबाई आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, आपसात कानडी बोलायचे. माझ्याशी आणि माझ्या नवऱ्याशी मराठी. पिल्लाशी कानडी. त्यामुळे मी "ये" म्हटलं की तो बघत राहायचा, आणि आप्पा "बा" म्हणाले की पळत यायचा. घरात त्याला एक साधं नाव होतं. गल्लीत मात्र सगळे त्याला पैलवान म्हणायचे. दहीभात खाणाऱ्या एवढ्याशा कुत्र्याला पैलवान का म्हणतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला वाटायचं, पॉमेरियनच्या केसांमुळे तो जाड दिसतो.

सासूबाई गेल्या त्यानंतर आप्पा बोलायचे कमी झाले. नवरा शिरोलीला कारखान्यात पाळीवर, मी सकाळी नऊला बाहेर. घरात आप्पा आणि कुत्रा. मी संध्याकाळी परतले की अंगणातून आप्पांचं कानडी ऐकू यायचं. "ऊटा आयता?" म्हणजे जेवलास का. मग ते थांबायचे, जणू उत्तर येतंय, आणि पुढचं बोलायचे. मी फाटक वाजवलं की बोलणं बंद. सासूबाईंनंतर ती भाषा ऐकून घेणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. मला चार शब्द कळायचे, नवऱ्याला कळायचं सगळं पण तो उत्तर मराठीतून द्यायचा.

आप्पांची आणखी एक गोष्ट मला कौतुकाची वाटायची. आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी ते कुत्र्याचं तोंड साबणानं धुवायचे. नुसतं तोंड. मी माझ्या बहिणीला सांगितलं होतं की बघ, या वयात किती टापटीप. वहीत शेरासुद्धा आहे: "तोंड धुतले, आप्पा."

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. आषाढ होता. सोमवारी मी बाजारातून शेवटचे सहा आंबे आणले. मंगळवारी गल्लीची यात्रा झाली. मी दिवसभर सेंटरला, संध्याकाळी आले तर दारात नारळ-गुळाची ताटली झाकून ठेवलेली आणि आप्पा अंगणात कुत्र्याचं तोंड पुसत बसलेले. बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पहिली उलटी. पिवळी. मग साडेआठला. मग मी मोजायची थांबले नाही, पण लिहायला जागा पुरेना म्हणून मागचं पान घेतलं.

दुपारपर्यंत तो एक विचित्र गोष्ट करायला लागला. पुढचे पाय जमिनीवर लांब टाकायचा, छाती टेकवायचा आणि मागचा भाग उंच तसाच ठेवायचा. शेजारच्या काकू, म्हणजे समोरच्या दूधवाल्या घरातल्या, फाटकावरून बघून म्हणाल्या, यात्रा झाली न्हवं, देवीला नमस्कार करायलाय. आप्पा हसले नाहीत. एरवी ते काकूंच्या कुठल्याही बोलण्याला हसायचे.

गुरुवारी रजा टाकली आणि नवऱ्याच्या स्कूटरवर मधे कुत्र्याला धरून कळंब्याच्या रस्त्याला एका जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. आप्पा घरीच थांबले. डॉक्टर तरुण होते. म्हशी आणि गाई बघून झाल्या की संध्याकाळी कुत्री बघायचे. तो नमस्कार त्यांनी दारातूनच बघितला आणि म्हणाले, पोट दुखतंय याचं, जोरात. मग पोटाला हात लावला तर आमचं ते गरीब कुत्रं त्यांना चावायला गेलं.

डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं. मी वही काढली. आठवड्याभराचं वाचून दाखवलं. भाकरी, दूध, दहीभात, मंगळवारी गुळाचा खडा. डॉक्टर म्हणाले की ताई, एवढं लिहून कुणी आणत नाही. मला बरं वाटलं. त्यांनी विचारलं मटण-बिटण, चरबी? मी म्हटलं आमच्या घरात चालत नाही. त्यांनी मान हलवली आणि तो विषय तिथंच संपला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांच्या मनात बरोबर शंका आली होती आणि ती मी एका वाक्यात बंद केली.

मग मी माझा पुरावा काढला. सोमवारी सहा आंबे आणले. दोन मी आणि दोन नवऱ्यानं खाल्ले, एक शेजारच्या पोरीला दिला, तिनं आमच्याच ओट्यावर खाल्ला. आप्पांना साखरेचा त्रास, म्हणून त्यांना आंबा नाही, हे डाव्या पानावर लाल अक्षरात. बुधवारी सकाळी केराच्या डब्यात कोयी मोजल्या. पाच. सहावा आंबा टोपलीत नव्हता आणि सहावी कोय डब्यात नव्हती.

"म्हणजे कोय गिळली," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी एक्स-रे काढून आणायला सांगितला. त्यात आतड्यात हवा दिसत होती, बाकी धुरकट. ते म्हणाले की कोय एक्स-रेत नीट दिसेलच असं नसतं. अडकली असेल तर थांबून चालणार नाही. शनिवारी सकाळी पोट उघडू. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की एवढ्या अशक्त कुत्र्याला भूल द्यायची म्हणजे तो उठेलच असं मी सांगत नाही. पण कोय असली तर न उघडताही तो जाणार.

घरी येऊन मी आप्पांना सांगितलं. कोय अडकली आहे, शनिवारी ऑपरेशन. ते उठले. कुत्र्याशेजारी पोतं टाकून बसले. रात्रीची भाकरी तशीच राहिली. मी वहीत लिहिलं: आप्पा, जेवण नाही.

शुक्रवारी सकाळी मी कामावर गेले, कारण बारा बायकांचे नंबर लावून ठेवलेले होते. अकराच्या सुमारास मॅडमनी पडद्याकडे बघतच विचारलं की तुम्ही आज दोन रिपोर्ट चुकीच्या पाकिटात घातलेत, काय झालंय? मी सांगितलं. कुत्रा, कोय, उद्याचं ऑपरेशन. त्यांनी प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा यंत्राचा दांडा, खाली ठेवला. आधी उघडायचं आणि मग बघायचं, असं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं की जनावरांसाठी असं यंत्र कोल्हापुरात मला तरी माहीत नाही. आमच्या यंत्राची सरकारदरबारी नोंद त्या जागेवर होती, कायद्यानं ते उचलून कुठं न्यायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे कुत्र्यानंच यायला हवं होतं.

मॅडमनी तीन अटी घातल्या. दोन ते चार सेंटर बंद असतं, त्या वेळात, मागच्या जिन्यानं. जनावरांचे डॉक्टर स्वतः शेजारी उभे पाहिजेत. आणि तिसरी अट ऐकून मी चकित झाले: आधी एक धडधाकट कुत्रं आणा. नीट असलेलं कसं दिसतं ते मला माहीत नाही, तर बिघडलेलं कसं ओळखू?

मी डॉक्टरांना फोन लावला. मला वाटलं रागावतील. ते एवढंच म्हणाले की माझी स्वतःची कुत्री आहे, तिला आणतो. कॉलेजात या यंत्राबद्दल वाचलंय, बघितलं कधीच नाही.

लगेच यादी केली. जुन्या चादरी दोन. वर्तमानपत्रं. तोंड बांधायला बँडेजची पट्टी. रेझर. फिनेल. नवऱ्याला निरोप पाठवला. तो पाळी बदलून कुत्रा घेऊन आला, आणि स्कूटरवर मागे कुत्र्याला मांडीवर घेऊन आप्पा. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. सासूबाईंच्या आजारपणात ते या इमारतीत आले होते, त्यानंतर कधीच नाही. नवरा खाली रस्त्यावर स्कूटरपाशी थांबला. आप्पा जिना चढून आले आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. शर्टाच्या वरच्या गुंडीतून गळ्यातल्या लिंगाचा दोरा दिसत होता. एक हात त्यावर.

आधी डॉक्टरांची कुत्री. तांबूस, गावठी, फार समजूतदार. टेबलावर झोपली आणि शेवटपर्यंत हलली नाही. मॅडम म्हणाल्या, "मी बायकांची पोटं बघते. कुत्र्याचं स्वादुपिंड कुठं असतं मला ठाऊक नाही."

डॉक्टर म्हणाले, "मला कुठं असतं ते ठाऊक आहे. पडद्यावर कसं दिसतं ते नाही."

"मग दोघं मिळून एक डॉक्टर होतोय का बघू."

डॉक्टर बोटानं दाखवायचे, इथं जठर, इथून आतड्याचा पहिला भाग वळतो, त्याला चिकटून ते असतं. मॅडम तिथं प्रोब न्यायच्या. थायरॉईड बघायचा छोटा प्रोब लावला होता. दहा मिनिटं गेली. करडं, त्यात आणखी थोडं करडं. मॅडम म्हणाल्या की हेच असावं बहुतेक, आजूबाजूच्यापेक्षा वेगळं दिसतच नाही. डॉक्टर म्हणाले की धडधाकट असलं तर ते असंच लपून राहतं. मॅडमनी चित्र थांबवलं, प्रिंट काढला आणि भिंतीला चिकटवला. कुत्रीचं काम झालं. तिनं उतरून अंग झाडलं आणि मॅडमच्या पांढऱ्या कोटाला पोटावरचं जेल लागलं.

मग आमचा. डॉक्टरांनी रेझरनं पोटावरचे केस काढले. आप्पांनी मान भिंतीकडे वळवली. केसांखाली तो जाडच होता. मी ते बघितलं, पण तेव्हाही काही सुचलं नाही.

मॅडमनी आधी आतडी बघितली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, वेढ्यामागून वेढा. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून एक गोष्ट शिकले होते. पित्ताचा खडा असला की पडद्यावर एक पांढरी कमान दिसते आणि तिच्यामागं काळी सावली पडते. कोय असली तर तशीच सावली पडणार. मी त्या सावलीची वाट बघत होते. खरं सांगायचं तर, ती दिसावी असं मला वाटत होतं. ती दिसली असती तर माझी यादी बरोबर ठरणार होती. ती दिसली तर कुत्र्याचं पोट फाडावं लागणार, हे तेवढा वेळ मी विसरले होते. आज ते आठवलं की मला स्वतःचं नवल वाटतं.

सावली दिसली नाही. आतडी हलत होती, कुठं काही अडकलेलं नव्हतं, अडकल्यामागं फुगलेलंही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "कोय नाही."

कोपऱ्यातून आप्पांचा श्वास ऐकू आला. मोठा, तोंडानं सोडलेला.

मग प्रोब वर आला, जठराखाली, आतड्याच्या वळणाशी. कुत्रा एकदम ताठ झाला आणि बांधलेल्या तोंडातून कण्हला. इथं काही शोधावं लागलंच नाही. सुजलेला काळपट पट्टा, कडा वेड्यावाकड्या, आणि त्याच्याभोवती सगळं पांढरं चमकत होतं. मॅडमनी भिंतीवरच्या प्रिंटकडे बघितलं, मग पडद्याकडे. डॉक्टर पुढे वाकले. मॅडम म्हणाल्या की माणसात असं दिसलं असतं तर मी स्वादुपिंडाला सूज लिहिलं असतं, भोवतालची चरबीसुद्धा चिडली आहे. डॉक्टर म्हणाले की कुत्र्यातही हेच म्हणतात. नुसत्या चित्रावर मी शंभर टक्के सांगणार नाही, पण उलट्या, तो नमस्कार, हे दुखणं, सगळं जुळतं. मग म्हणाले की हे कापायचं नाही. उद्या याला भूल दिली असती तर… आणि वाक्य सोडून दिलं.

मग ते माझ्याकडे वळले. "ताई, हे कधी कधी कारण नसतानाही होतं. पण पुष्कळदा चरबीच्या खाण्यातून होतं. यानं तसलं काही खाल्लंय? आठवून सांगा."

मी वही उघडली. मंगळवारचं पान काढलं आणि वाचायला लागले. सकाळी आठ, अर्धी भाकरी, पाव वाटी दूध.

"वही मिट," आप्पा म्हणाले.

त्यांनी मला आजवर असं कधी सांगितलं नव्हतं. मी मिटली.

"मटण खाल्लंय त्यानं. यात्रेचं. चार घरचं," आप्पा म्हणाले. आवाज बारीक होता. "सगळ्यांनी चरबी काढून ह्याला ठेवलीती. म्हणाले आप्पा, पैलवानाची यात्रा. मी बसलोतो तिथंच. बघत."

डॉक्टरांनी हळूच विचारलं, पहिल्यांदाच?

"न्हाई. बुधवार, शुक्रवार, रविवार. चार वर्षं." मग माझ्याकडे न बघता: "आणि तो आंबा मी खाल्ला. तू लाल शाईनं लिवलंयस म्हणून गोठ्यामागं जाऊन खाल्ला आणि कोय भिंतीपलीकडं टाकली. हा तिकडंच फिरत असतोय. मला वाटलं तीच गिळली ह्यानं. माझी कोय."

आदल्या दिवसापासून ते पोत्यावर का बसले होते ते मला तेव्हा कळलं. त्यांना वाटत होतं, आपण लपून आंबा खाल्ला आणि त्यापायी हा मरतोय. मटणाचा त्यांनी विचारच केला नव्हता. चार वर्षांत त्यानं काही बिघडलं नव्हतं.

मॅडमनी पडद्यावरून नजर काढली. हे फार कमी वेळा व्हायचं. त्या आप्पांना म्हणाल्या, "काका, तुम्ही आत्ता बोललात ते फार बरं केलंत. कोय नाहीये. मी नीट बघितलंय."

पावणेचारपर्यंत मी फिनेलनं खोली पुसली. चारला पहिली बाई आली आणि म्हणाली, आज औषधाचा वास जास्त येतोय. मी म्हटलं, पाणी पिऊन बसा.

इलाज साधा होता आणि कठीण. दोन दिवस तोंडानं काही नाही. सलाईन, उलटीचं आणि दुखण्याचं इंजेक्शन. डॉक्टर रोज उचगावला येऊन सलाईन लावायचे, बाटली अंगणातल्या दोरीला कपड्याच्या चिमट्यांनी. तिसऱ्या दिवशी भाताची पेज, चमच्यानं. मग बिनतेलाचा मऊ भात. तूप, लोणी, साय, मटण, काही नाही, कायमचं.

राहिली गल्ली. रविवारी सकाळी मी वही घेऊन समोरच्या काकूंकडे गेले. मला भांडायचं होतं. काकू म्हैस पिळत होत्या. मी सगळं सांगितलं तशा त्या थांबल्या आणि बादली बाजूला ठेवली.

"वहिनी, तिखट धुऊन दिलंतं की," त्या म्हणाल्या. मग डोळ्याला पदर लावला. "बिचारं दहीभातावर जगायलंय म्हणून जीव तुटायचा. आणि आमचं आमी चालू केलं न्हाई. तुमच्या सासूबाईंनी सांगितलंतं. म्हणाल्या, आमच्या उंबऱ्यात नको, पण तुमच्या कट्ट्यावर खाऊ दे, तो काय दीक्षा घेऊन आलाय व्हय? त्या गेल्यावर आप्पा आणून बसवायला लागले. आमी कसं न्हाई म्हणायचं?"

हे मला माहीत नव्हतं. बुधवार, शुक्रवार, रविवार संध्याकाळी आप्पा त्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. त्यांच्या हातात काही नसायचं, पण चार माणसं त्यांच्याशी बोलायची. मग घरी येऊन तोंड धुवायचे, कुत्र्याचं. गल्लीनं ते माझ्यापासून लपवलं ते चोरी म्हणून नाही. आमच्या घराला कमीपणा येऊ नये म्हणून. ज्यांनी धुतलेल्या ताटलीतून नारळ पाठवला त्यांनीच ते केलं. मी भांडायला गेले होते ते तिथंच राहिलं. मी काकूंना फक्त कागद दिला. काय चालेल, काय नाही. असे चार कागद, चार घरांत.

काकूंचा मोठा मुलगा वाचून म्हणाला, "वहिनी, तुमी तर पैलवानाचा खुराकच बंद केला. आता त्यानं कुस्ती कशी मारायची?" पण त्या संध्याकाळपासून गल्लीत कुणी चरबीचा तुकडा टाकला नाही. काकूंनी स्वयंपाकाला बसताना त्याच्यासाठी नुसता भात वेगळा शिजवायला सुरुवात केली, मीठसुद्धा न घालता, आणि तो कट्ट्यावर जर्मनच्या वाटीत ठेवायच्या. त्यामुळे आप्पांचं कट्ट्यावर बसणंही चालूच राहिलं. हे काकूंना सुचलं. माझ्या कुठल्याच यादीत ते आलं नसतं.

तीन आठवड्यांनी मॅडमनी स्वतःहून परत बोलावलं. या वेळी पडद्यावर शोधत बसावं लागलं. करडं, त्यात आणखी थोडं करडं. डॉक्टर आणि मॅडम दोघांनीही एकदमच भिंतीवरच्या त्या जुन्या प्रिंटकडे बघितलं. पैसे विचारले तर मॅडम म्हणाल्या की मी आज एक नवीन पोट शिकले, फी मीच द्यायला पाहिजे. पुढच्या वर्षांत डॉक्टरांनी आणखी काही कुत्री आणली, दोन ते चारमध्ये, मागच्या जिन्यानं. त्यांच्यासाठी मी वेगळी वही केली. तिच्यात पहिलाच रकाना घातला: घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारलं का? डॉक्टर म्हणायचे की या रकान्यानं प्रोबइतकंच काम केलं.

पैलवान त्यानंतर सहा वर्षं जगला, आधीच्या निम्मा होऊन. आप्पांना मी महिन्यातून दोन आंबे हंगामात द्यायला लागले, त्यांच्या डॉक्टरांना विचारून. लाल शाई काढून टाकली.

निळ्या वहीतलं शेवटचं पान सोमवारचं आहे. उपासाचे दोन दिवस संपले त्या सकाळचं. मी पेज केली आणि चमचा घेऊन बाहेर गेले, तर कुत्र्यानं तोंड फिरवलं. दोनदा. मी आप्पांच्या हातात वाटी दिली आणि उठून आत आले, दाराआड थांबले. ते म्हणाले, "बा." मग थोड्या वेळानं, "ऊटा आयता?" आणि त्यावर जिभेचा चपचप आवाज.

मी पट्टी घेऊन पानावर सहावा रकाना आखला. पाच रकान्यांत तो आजवर कधी नव्हता. वर लिहिलं: कोणी दिलं. खाली लिहिलं: आप्पा.